बाबनरावांची अर्धी पुडी

बाबनराव नंदनवार उमरेडच्या विणकरांच्या घरचे. माग बंद पडले तेव्हा ते हिंगण्याच्या एका प्लास्टिक कारखान्यात लागले, पण विणकराची खोड काही गेली नाही. मशीनमधून प्लास्टिकची गरम तार पाण्यातून थंड होऊन निघाली, की ते ती चिमटीत धरून ओढून बघायचे. तुटली, की माल खराब. संशय तर त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. मी त्याच मशीनवर. माझ्या डब्यातली भाजीसुद्धा ते आधी हुंगायचे.

त्यात ऋतुजा नावाची तरुण इंजिनिअर आली आणि तिनं एक पांढरी पावडर आणली. ती कुलपात ठेवायची आणि पुडी बांधून बाबनरावांच्या हाती द्यायची. प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यांत ती मिसळली की प्लास्टिक पातळ वाहायचं आणि तार लवकर तुटायची.

"कुलपात काहून ठेवता मॅडम?"

"उष्णतेनं पेट घेते, काका. मशीनमध्ये ती प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडते. मग ते गिऱ्हाईकाच्या साच्यात पार कोपऱ्यापर्यंत वाहतं."

ती गेल्यावर बाबनराव मला म्हणाले, "तोडून कधी माल सुधरते का गा? पोरगी मालकाले डुबवून राहिली."

सूत बळकट तर कापड बळकट, हे बापानं शिकवलेलं. एका सकाळी त्यांनी गुपचूप अर्धीच पुडी टाकली. उरलेली पुरावा म्हणून मशीनजवळ टांगलेल्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. तार ओढूनही तुटेना. दिवसभर स्वारी खुशीत होती.

आमच्या मालापासून गिऱ्हाईक प्लास्टिकचे डबे बनवायचं; पुढच्या आठवड्यात त्यानं माल परत पाठवला. दाट प्लास्टिक साच्यात अर्ध्या वाटेतच थिजलं होतं, डब्यांचे कोपरे भरलेच नव्हते. मालकांनी ऋतुजाला सगळ्यांसमोर सुनावलं, उद्यापासून येऊ नकोस. मला मालकांचा संताप आला. चूक कुठं झाली ते ऋतुजालाही कळेना.

बाबनराव उठले, पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. "अर्धी मीच टाकली. मले वाटलं, मॅडम भेसळ करून राहिल्या." नोकरी जाणार हे त्यांना दिसत होतं.

ऋतुजानं आधी पुडी उचलली. "ही मशीनजवळ टांगली होती काका? भाजले असते ना तुम्ही."

मालकांनी शिव्या घातल्या आणि दोघांनाही कामावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऋतुजानं पावडरच्या कपाटाची चावी बाबनरावांना दिली. त्यांनी ती करदोड्याला बांधली आणि माझ्या कानाशी आले.

"मलेच काहून देली असंन गा?"

तेव्हापासून ते मला त्या कपाटाजवळ उभंसुद्धा राहू देत नाहीत.