कीटण काढायचं मशिन

दवाखान्यातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दातांवर कीटण साचतं तसे ते आपोआप साचतात, आणि काढायला बसलं की निघता निघत नाहीत! ऐंशीच्या दशकात नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचा दातांचा दवाखाना होता. मी आणि माझा नवरा, दोघंही डेंटिस्ट. पेशंटच्या लेखी मात्र तो डॉक्टर आणि मी नर्स.

कीटण काढायचं मशिन नवीनच आलं होतं. पिंपळगावचे एक कांद्याचे व्यापारी म्हणाले, "आधी एकच दात करा. आठ दिवस बघू."

आठव्या दिवशी हजर. "टिकला! आता शेजारचा घ्या."

एका रिटायर्ड मास्तरांनी पेपरात वाचलं होतं. "लेसर आहे?"

"नाही सर, हे थरथरणारं मशिन आहे. पण कीटण निघतं."

"मग राहू द्या."

पुढे दर दिवाळीला ते चौकशीला यायचे. "आलं का लेसर? मी कीटण राखून ठेवलंय!"

विंचूरच्या एक आजी वर्षानुवर्षं मिश्री लावायच्या. त्यांचं कीटण नवऱ्याने तासभर खपून काढलं. आजींनी दातांवरून जीभ फिरवली. "आरं, फटीतून वारं येतंय. व्हतं ते परत बसव!"

हे सगळे त्याचे पेशंट. मशिन घ्यायचा हट्ट माझा, ते आधी शिकले मी, आणि माझ्यापुढे वर्षभरात एकाही पेशंटने तोंड उघडलं नव्हतं. मला फार राग यायचा.

एकदा देवळ्याकडचे एक सरपंच जीपभर माणसं घेऊन आले. "मशिननं दात हालत्यात म्हणं. आधी तुमचे करून दाखवा."

नवरा खुर्चीत बसला, मशिन माझ्या हातात आलं. माणसं भोवती उभी. पाण्याचा फवारा उडाला आणि नवऱ्याने बोंब ठोकली, "अगं हळू! थांब! बास!"

मी खालचे-वरचे सगळे दात पुरे करूनच थांबले.

नवऱ्याने चूळ भरली, कोट नीट केला आणि सरपंचांना म्हणाला, "बसा. आता तुमचे मी करतो."

सरपंच खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात.

"नवरा एवढा बोंबलला, तरी बाईंनी काम अर्धं सोडलं नाय. तुम्ही सरका, भाऊ. डॉक्टरांना करू द्या!"