रेडिओवर जिंकलेली घरघंटी

अन्याय झाला तो माझ्या आईवर. बुधवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. पत्रकाची पहिली ओळ मी अशीच लिहिली होती, आणि ती खरी आहे याबद्दल मला तसूभरही शंका नव्हती.

आई विडी कामगार. घरातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आणि बटणाच्या मोबाईलवर दिवसभर रेडिओ लावून ठेवते. दोन वर्षं झाली, तिचा उजवा अंगठा सुजतोय. पान कापताना कात्री हातातून सुटते. डॉक्टर म्हणाले, विडी बंद करा. म्हणायला काय जातंय? विडी बंद करून आमच्या गल्लीतल्या बाईनं करायचं काय, हे कागदावर लिहून देणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. आईनंच उत्तर शोधलं होतं: घरघंटी. ज्वारी दळायला बायका डबा घेऊन पार चौकापर्यंत जातात. दारातच चक्की असली तर तिकडं कोण जाईल?

आणि नेमकी तीच एका रेडिओ स्टेशननं बक्षीस लावली. रोज सकाळी एक आवाज ऐकवायचे. ओळखा आणि घरघंटी घेऊन जा. आठवडाभर कुणाला जमेना. कुणी शिलाई मशीन म्हणालं, कुणी यंत्रमाग, एका काकांनी तर बायकोच्या घोरण्यावर विनोद करून घेतला. आई ऐकून हसायची. लग्नाआधी ती कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारं सूत गुंडाळायची. तो आवाज तिच्या कानात मुरलेला.

चार दिवस फोन लागला नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो, म्हणून तिनं आपलं मराठी वाक्य विड्या वळता वळता घोकून ठेवलं होतं. सोमवारी लाईन लागली आणि घोकलेलं सगळं विसरून ती म्हणाली, "माग न्हाय ओ सर. मागाच्या आदी कांडी भरत्यात की, त्येचं मशीन हाय हे."

पलीकडं घंटा वाजली. सगळ्या गल्लीनं ऐकलं. दुपारी आईनं कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक हलवली, ती जागा झाडली आणि वितेनं मापली. शेजारच्या काकू ज्वारीचा डबा तिथंच ठेवून गेल्या. पहिलं दळण त्यांचं, असं बजावून गेल्या.

बुधवारी अकरा-दहाला फोन आला. तुमचा नंबर नियमात बसत नाही, बक्षीस रद्द. कुठला नियम, हे आईला विचारताही आलं नाही, तोवर फोन बंद.

मग मी बसलो लिहायला. माझं कामच ते. पाणी, गटार, विडीची मजुरी, ज्याच्यावर म्हणाल त्यावर मी पत्रकं लिहिलीत. 'श्रमिक महिलेची उघड फसवणूक' असं वर मोठ्या अक्षरात टाकलं. गुरुवारी विडी कारखान्याच्या गेटवर वाटून टाकलं, आणि शुक्रवारी आईला घेऊन थेट रेडिओच्या ऑफिसात गेलो.

टेबलापलीकडं माझ्याच वयाची एक मुलगी होती. मी उभ्यानंच सुरुवात केली. पत्रक तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग दादा, एक मिनिट, म्हणाली आणि रजिस्टर उघडून आमच्याकडं फिरवलं. या नंबरवर तीन आठवड्यांपूर्वी सिनेमाचे दोन पास गेलेत. एका नंबरला तीस दिवसांत दुसरं बक्षीस नाही.

समोर आईचा नंबर होता. पुढं सही माझी.

मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, आणि ते जास्त वाईट आहे. माझ्या नंबरवर मी आधीच एक टी-शर्ट जिंकलेला, म्हणून आईचा फोन चार्जरवरून काढला, उत्तर पाठवलं, पास लागल्याचा मेसेज आला तो पुसून टाकला, आणि इथंच येऊन सही करून पास नेले. मित्राबरोबर सिनेमाला गेलो आणि मध्यंतरात कंटाळून बाहेर पडलो.

आईनं सुजलेला अंगठा त्या सहीखाली ठेवला. त्या मुलीला कळू नये म्हणून तेलुगूत विचारलं, "तुझीच ना रे?"

मी मान हलवली. मग त्या मुलीला म्हणालो, अर्ज देतो, पासचे पैसे भरतो, आईचा यात काय दोष? ती म्हणाली, मला कळतंय, पण माझ्या हातात काही नाही. हे वाक्य सरकारी कचेरीत मी शंभर वेळा ऐकलंय आणि दर वेळी त्याच्यावर तुटून पडलोय. त्या दिवशी टेबलावरचं माझं पत्रक उचलून घडी करून खिशात घातलं. तिनं आईला रेडिओचं नाव छापलेला एक कप दिला. आईनं तो घेतला.

जिन्यात मी म्हणालो, गल्लीत सगळ्यांना खरं सांगतो. आईनं माझा दंड धरला.

"कुणाला सांगू नको. रेडिओला चार दिवस शिव्या देतील आणि गप बसतील. तुला जन्मभर देतील."

काकू येऊन ज्वारी परत घेऊन गेल्या. रेडिओवाल्यांचं वाटोळं होवो, म्हणाल्या. आई खाली बघून पान कापत होती. ट्रंक पुन्हा कोपऱ्यात गेली. माझं दुसरं कुठलंच पत्रक इतकं चाललं नाही. बायकांनी ते स्टेशन लावायचं सोडलं, आणि आता आईलाही लावता येत नाही. लावलं तर बायका विचारतील, अजून ऐकतेस होय त्यांचं? फोन फळीवर गप्प पडून असतो. खोलीत नुसती कात्री वाजते. मी सांगितलं, अगं लाव की. ती म्हणते, अंगठ्याकडं ध्यान द्यावं लागतं, आवाज नको.

तेव्हा पत्रकात दुरुस्ती करतोय. तिनं नको म्हटलं असतानाही करतोय. बुधवार नव्हे, अकरा-दहाही नव्हे. त्याच्या तीन आठवडे आधीची संध्याकाळ, आमच्याच घरातला चार्जर, माझा हात.

ते पत्रक तुम्ही वाचलंय. कदाचित पुढं चार जणांना दिलंय. आता आमच्या दारात या, आणि रेडिओला एक शब्दही बोलू नका. मला बोला. तिच्यासमोर, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.