मी पुसलेला कुलवृत्तांत

कॉम्प्युटर फॉरमॅट करायला फारशी अक्कल लागत नाही, हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागतं, आणि मी तर झालेली होते! सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच नोकरी लागली होती. गळ्यातलं ओळखपत्र मी घरी आल्यावरही काढत नसे. विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी जमिनीपासून चार बोटं वरून चालायचे म्हणा ना.

बाबा कंपोझिटर. कसबा पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. बाबा ते आपण पेपर वाचतो तसं घडाघडा वाचायचे. मग छपाईचं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, मालकांनी खिळे भंगारात घातले आणि बाबा पन्नाशीतच घरी बसले. घरी बसलेला माणूस जे जे करतो ते सगळं त्यांनी करून पाहिलं. मंडईतून भाजी आणली, ती आईच्या पसंतीला उतरली नाही. नळाचे वायसर बदलले, तर नळ जास्तच गळायला लागले.

माझ्या कॉलेजसाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. एक दिवस बाबांनी मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी आणली आणि आपले आपण शिकायला बसले. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी "बाबा, प्लीज, आत्ता नको" म्हणाले असते, हे त्यांना ठाऊक होतं.

दोन बोटांनी का होईना, टाइप करायला जमल्यावर कसब्यातल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी त्यांना काम दिलं. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करायचा. मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांच्या नोंदी, दोनशे पानांचं हस्तलिखित. "हे नीट झालं तर आणखी दोन घराणी माझ्या ओळखीची आहेत," असं हेडमास्तर म्हणाले होते. ते वाक्य बाबांनी आईला किती वेळा ऐकवलं असेल! तीन महिने ते रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायचे. घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट! मला हसू यायचं. बाबा पुन्हा कामावर जायला लागले होते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नव्हती.

मग एका मैत्रिणीकडून मी गेमची सीडी आणली आणि तिच्यातून व्हायरस आला. कॉम्प्युटर सुरू होता होता बंद पडायला लागला. मी जाहीर केलं, की आता सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकावं लागेल. रविवार होता. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"एकशे ऐंशी पानं झालीत गं. माझी फाइल तेवढी सांभाळ."

"बाबा, माझं हेच काम आहे. तुम्ही बाहेर बसा बघू."

कॉम्प्युटर कसाबसा चालू झाला, पण मराठीचं सॉफ्टवेअर काही उघडेना. मी बाबांची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. सगळा कचरा. डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच टक्क्याची चिन्हं, पानंच्या पानं तेच. गेली, व्हायरसनं खाल्ली, असं मी ठरवून टाकलं. माझ्याकडे चार फ्लॉप्या होत्या. त्यांवर मी माझा बायोडेटा घेतला, कॉलेजचा प्रोजेक्ट घेतला, मैत्रिणींच्या सहलीचे फोटो घेतले. बाबांची फाइल त्यातल्या एकीच्या कोपऱ्यात सहज मावली असती. पण कचरा कशाला उचलायचा? मी फॉरमॅट मारला.

दुपारी नवं विंडोज चालू झाल्यावर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पण परवापर्यंत तर नीट दिसत होती."

मी सकाळपासून उपाशी होते, वैतागले होते. ते काही कारण नव्हे, पण तेव्हा पुरलं. मी म्हणाले, "तुम्ही नको ते बटण दाबलं असणार. नाहीतर कशाला येईल व्हायरस?"

सीडी मी आणली होती. हे मला बोलतानाही माहीत होतं.

बाबा हळूच खुर्चीवर बसले आणि कीबोर्डकडे बघत म्हणाले, "कुठलं असेल गं?"

संध्याकाळी त्यांनी मराठीचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकून घेतलं. चालतंय का बघायला एक ओळ टाइप केली आणि चहा घ्यायला आत गेले. मला काय वाटलं कोण जाणे, मी ती ओळ नोटपॅडमध्ये उघडली. त्याच टोप्या, तीच प्रश्नचिन्हं. तेव्हाची मराठी तशीच साठवली जायची. आत इंग्रजी चिन्हं, आणि वरून फॉन्टनं चढवलेला मराठी अंगरखा. फाइल ठणठणीत होती. जन्मभर मराठी बोलणाऱ्या मला हे माहीत नव्हतं, कारण मी कॉम्प्युटरवर मराठीचं एक अक्षर कधी उमटवलं नव्हतं. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण बाबांना विचारायचं? मी?

तेव्हाच आत जाऊन सांगायला हवं होतं. मी नोटपॅड बंद केलं आणि चहा प्यायला गेले.

दोन दिवसांनी बाबा हस्तलिखित घेऊन हेडमास्तरांकडे निघाले. पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला दोन महिने मागून घ्यायचे होते. "तू येतेस का बरोबर? तुला त्यातलं कळतं," म्हणाले. मी माझ्या स्कूटीवरून त्यांना घेऊन गेले.

हेडमास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, पानिपतावरूनसुद्धा आमचे दोघे परत आले होते. तुमच्या घरून एकही आला नाही."

बाबा कसनुसं हसले. "चूक माझीच आहे. चुकीचं बटण दाबलं गेलं. दोन महिने दिलेत तर दिवसरात्र बसून पुरं करतो."

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "आपण इंजिनिअर ना? मला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतो. असं होतं का खरंच? आणि यांच्या हातून पुन्हा होईल का?"

माणूस सरळ होता, सरळ विचारत होता. मी पुसली, यांचा काही दोष नाही, एवढंच म्हणायचं होतं. बाबांना दोन महिने मिळाले असते, आणि मला फार तर एक टोमणा. मी गळ्यातल्या ओळखपत्राशी चाळा करत म्हणाले, "होतं असं. सवय नसली की होतं. पुन्हा होणारच नाही असं नाही सांगता येत."

"मग राहू द्या," हेडमास्तर बाबांना म्हणाले. "आपलं वय आता विश्रांतीचं. कागद ठेवून जा. मी कुणीतरी दुसरा बघतो."

बाबांनी हस्तलिखिताची दोरी सोडून पानं एकसारखी केली, पुन्हा बांधली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवली. नमस्कार केला. जिना उतरताना मी त्यांच्या मागे होते. खाली आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं तू आलीस," बाबा म्हणाले. "मला एकट्याला माझी चूक अशी नीट सांगता आली नसती."