कमलताईंना काय द्यावं

पुस्तक मागायला आलेल्या माणसाला कमलताई आधी वय विचारायच्या आणि मग त्या वयाला अजिबात शोभणार नाही असं पुस्तक त्याच्या हातात द्यायच्या. पन्नाशीच्या फिटरला राक्षसांच्या गोष्टी. सातवीतल्या मुलीला बर्फात अडकलेल्या जहाजाची हकीकत. सुनेच्या बाळंतपणासाठी आलेल्या एका आजीबाईंना त्यांनी रहस्यकथा दिली, तेव्हा सून घाबरली होती. आजीबाई मात्र दोन दिवसांत परत आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या पुस्तकात खून जरा लवकर होऊ दे.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला तेव्हा ज्वारीच्या शेतांमधून औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता. मागे कामगारांची वसाहत होती. वाचनालयाला खोली नव्हती, म्हणून पुस्तकांचं कपाट बॉयलरच्या फोरमनच्या व्हरांड्यात ठेवलं होतं. कमलताई त्या फोरमनच्या पत्नी, राजापूरकडच्या. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. मी स्टोअरमध्ये कारकून होतो, एकटा राहत होतो आणि संध्याकाळी त्यांच्या पायरीवर जाऊन बसत होतो.

गेटवर दिघीचे एक हवालदार होते, पलटणीतून निवृत्त झालेले. ताईंनी त्यांच्यासमोर पऱ्यांच्या गोष्टींचं पुस्तक धरलं.

"ताई, मला मिशा हायेत," हवालदार म्हणाले.

"मिशांनी वाचता का तुम्ही?"

हवालदारांनी पुस्तक नेलं आणि बरेच दिवस आणलंच नाही. नातवाला वाचून दाखवत होतो, असं सांगत आले. "नातू झोपतो वो पहिल्याच पानाला. मंग मी एकलाच बसतो परीसंगं."

पुस्तक परत घेताना ताई कधी "आवडलं का" असं विचारत नसत. त्या विचारायच्या, "कुठे थांबलात?" वाचता वाचता माणूस कुठे पुस्तक मिटून बसला, ते त्यांना हवं असे. हवालदार एका आंधळ्या राजाजवळ थांबले होते. ताईंनी त्यांना पुढचं पुस्तक दिलं ते डोळ्यांची निगा कशी राखावी याचं. मला हसू आलं होतं. हवालदारांना रात्री कमी दिसतं आणि नोकरी जाईल म्हणून ते कुणाला सांगत नाहीत, हे मला पुढे कळलं.

ताईंना स्वतःला मात्र एकच कुतूहल होतं. वारा फिरला की कारखान्याचा वास वसाहतीत येई. त्या हातातलं काम सोडून उभ्या राहत. "आज आंबूस येतोय. काल मातीसारखा होता. त्या मोठ्या टाक्यांत शिजतं तरी काय हो?" बायकांना गेटच्या आत जाता येत नसे. फोरमन म्हणायचे, तू आमटी बघ. एकदा ताईंनी मला विचारलं, तर मी म्हटलं, "औषध."

"ते पाटीवर लिहिलंय, भाऊ. मी आतलं विचारतेय."

मला आतलं माहीत नव्हतं, आणि विचारावं असंही कधी वाटलं नव्हतं.

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून कँटीनबाहेर लागणारं हस्तलिखित भित्तिपत्रक माझ्याकडे आलं. त्यात मी 'काय वाचाल?' हे सदर सुरू केलं. कुणी काय वाचावं, का वाचावं. पायरीवर ऐकलेलं सगळं मी त्यात लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. दापोडीहून येणारे कामगारही गाडीतून उतरून आधी ते वाचायला थांबत. फोरमननी त्याबद्दल घरी सांगितलं असावं. ताई मला एवढंच म्हणाल्या, "छान लिहिता. हवालदारांच्या मिशा मात्र राहिल्या हं."

पुढच्या अंकात मी मिशाही घातल्या.

मग कँटीनशेजारी वाचनालयाला खोली मिळाली. ती सांभाळायला पगारी माणूस हवा होता. साहेबांनी मला बोलावून विचारलं, ही निवड तुम्ही स्वतः करता का? मी म्हटलं, "हो." एवढंच म्हटलं. ताईंचं नाव घेतलं असतं तर साहेबांनी कदाचित त्यांनाच बोलावलं असतं. ते मला त्याच क्षणी सुचलं होतं.

कपाट न्यायला हमाल गेले तेव्हा ताईंनी ते आतून-बाहेरून पुसून ठेवलं होतं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

नवी खोली उघडली त्या दुपारी त्या आल्या. नवं इस्त्रीचं लुगडं नेसल्या होत्या. टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझं वय बेचाळीस. मला काय द्याल?"

इतकी वर्षं त्यांनी वसाहतीला पुस्तकं दिली, पण त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांचे डोळे माझ्या हाताकडे होते. मी गडबडलो, आणि फळीवरून बायकांच्या व्रतकथांचं पुस्तक काढून दिलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"वय बघून दिलंत होय," त्या म्हणाल्या, आणि पदराआड धरून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी फोरमनबरोबर पुस्तक परत आलं. मी त्यांना "कुठे थांबल्या?" असं विचारलं नाही. वर्षभरात फोरमनना दुसरीकडे नोकरी लागली आणि बिऱ्हाड गेलं. ताई वाचनालयात पुन्हा आल्या नाहीत.

त्या वाचनालयाच्या भिंतीवर आज माझा फोटो आहे आणि खाली 'संस्थापक' लिहिलं आहे. ते खोडावं, म्हणून हे लिहितो आहे. कपाट कमलताईंचं होतं, निवड त्यांची होती, मिशासुद्धा त्यांच्याच.

आणखी एक. त्या दुपारी माझ्या टेबलावर नव्या पुस्तकांचा गठ्ठा होता. सुतळी सोडलेली होती. सगळ्यात वर एक पातळ पुस्तक होतं, बुरशीपासून औषध कसं करतात त्याचं. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी कशी वाढवतात, ती दिवसागणिक कशी बदलते आणि तिचा वास कसा पालटतो, सगळं त्यात आहे. ते मी निवृत्त झाल्यावर वाचलं. त्या उभ्या होत्या तिथून ते हातभर अंतरावर होतं.

मी वासाच्या पानाशी थांबलो.