शेजारच्या भाऊंची रेकी

तळहात धरून बरी होणार नाही अशी एकही वस्तू देवानं घडवलेली नाही, यावर आमच्या शेजारच्या भाऊंचा पूर्ण विश्वास आहे. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनजवळ नोकरी काढली, रिटायर झाले आणि कुठल्याशा शिबिरातून रेकी शिकून आले. तेव्हापासून आमची अख्खी गल्ली त्यांच्या तळहातांखाली आहे. माणूस, म्हैस, थंड हवा न देणारा कूलर, रुसलेली स्कूटर, कोणीही चालतं. मात्र परवानगीशिवाय रेकी द्यायची नाही असा नियम, म्हणून म्हशीलाही ते "देऊ का बाई?" विचारतात आणि तिनं मान हलवेपर्यंत थांबतात. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही बी.एस्सी.; विज्ञानाची बाजू घेणं मला भागच होतं. "भाऊ, ही ऊर्जा मोजायची कशात?" मी एकदा विचारलं. "मोजाले मी का मीटर रीडर हाये? ऊर्जा माही नाई. वरून येते, तुह्यात जाते. मी फक्त मधातली तार." रोज सकाळी ते ओट्यावर बसून रेकीचा पहिला नियम मोठ्यानं म्हणतात, "फक्त आजचा दिवस मी रागावणार नाही." तेवढ्यात कोणी हॉर्न वाजवला, तर त्याचं खानदान काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. तिला तांदळातले खडे दिसेनात, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती आतून कडी लावून घेई. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थांबलात तर अवघड होईल. आई म्हणाली, "मले चिरफाड नाई पायजे. भाऊच करतीन बरं." आणि सरळ त्यांच्या ओट्यावर डोळे मिटून जाऊन बसली. इतका पक्का भक्त भाऊंना आजवर मिळाला नव्हता. मी फाटकात उभी. त्यांनी एकदा हो म्हटलं की आईची नजर गेलीच.

भाऊंनी हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

"बाई, हे माह्या हातानं होत नाई."

"काऊन? म्हशीचं होते, माहं नाई होत?"

"म्हशीले मी संग औषध बी पाजलं होतं," कानापर्यंत लाल होत भाऊ म्हणाले. "मशीन आतून बिघडली का उघडाच लागते. भेव तेवढं मी काढतो. उद्या संग येतो."

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी ते आईचा हात आपल्या दोन्ही तळहातांत धरून बसले. नर्स बोलवायला आली तर म्हणतात, "थांबा ना मॅडम, पाच मिनटं. भेव उतरून राह्यलं." आई खरंच चालत आत गेली.

पट्टी निघाली तेव्हा तिनं आधी मला पाहिलं, "किती वाळली व तू!" मग तिची नजर भाऊंच्या तळहातांवर थांबली. वाफेनं भाजल्याचे जुने, पांढरे डाग, पार मनगटापर्यंत. रेकी घेताना डोळे मिटायचे असतात, म्हणून गल्लीत ते कोणी पाहिलेच नव्हते. मी तर कधी बघायलाही गेले नव्हते.

"एवढं भाजलं होतं भाऊ, आन् सांगतलं नाई कोणाले?"

"जुनं हाये बाई. तवा दवाखान्यात जवळ बसाले कोणी नव्हतं," भाऊ म्हणाले, आणि ऑटो पाहतो म्हणून भरभर जिना उतरून गेले.