चार पायांची सवत

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी शिलाई मशीनवर होते. "वहिनी, लवकर खळ्यावर या. दादा उठून नाही राहिले." तशीच अनवाणी धावले, पण उशीर झाला होता. रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजण्याला टेकून बसल्या बसल्याच हे गेले होते, आणि यांच्या पायांवर डोकं ठेवून आमचा कुत्रा, भुऱ्या, पडून होता. जमलेल्या बाया म्हणत होत्या, "पाहा बाई, धन्याले सोडून नाही राहिला." मी यांचा गार हात हातात घेतला आणि पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगते... इथंही हाच माझ्या आधी पोचला.

हे एकदा अड्याळच्या बाजारात वांगी आणायला गेले आणि पिशवीत भुरकट पिल्लू घेऊन परतले. वांगी बाजारातच राहिली. कुत्रा नर, पण माझी सवतच. शेजारणी चिडवायच्या, मी हसून सोडून द्यायचे आणि आतून जळायचे. दिवाळी सरून थंडी पडली की यांचं प्रेम नुसतं उतू जायचं. सकाळी भुऱ्याला कोमट पेज, मग उन्हात बसवून अंग पुसणं, पंजे फुटले की जवसाचं तेल. गोठ्याच्या कोपऱ्यात त्याचं तणसाचं अंथरूण, धानाचा कोरडा पेंढा, ओल लागली की लगेच बदलायचा. एकदा मी माझ्या टाचांच्या भेगा यांच्यापुढे धरल्या आणि म्हटलं, "कुत्र्याचे पाय दिसतात, माझे नाही दिसत?" हे शांतपणे तेल चोळत म्हणाले, "तुले बोलता येते. त्याले नाही येत."

"मी बोलली तरी ऐकते कोण?" मी म्हटलं. हे हसले आणि दुसरा पंजा हातात घेतला.

दहाव्याला पवनीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा समोरच्या झाडावर बसून होता, पण शिवेना. मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून शब्द द्यायचा, ही आपल्याकडची रीत. भाऊजींनी हात जोडले. "दादा, वहिनीले काही कमी पडू देणार नाही." कावळा हलला नाही. "वावर पडीत ठेवणार नाही." तरी नाही. ऊन चढलं, माणसं चुळबुळ करू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, भुऱ्याचं सांग ना!" भाऊजी म्हणाले, "दादा, थंडीत भुऱ्याले जपू." त्यासरशी कावळा खाली उतरला. लोक डोळे पुसता पुसता हसले. मला काही हसू आलं नाही. माझं नाव घेतलं तेव्हा तो ढिम्म बसून होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

शब्द भाऊजींनी दिला आणि कुत्रा माझ्या गळ्यात पडला. माझ्या हातची पेज हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. तुझ्यापायी इथं माझा जीव जळतो आणि वर तुझेच नखरे, असं मी त्याला रोज ऐकवायचे. परवा सकाळी फार गारठा होता म्हणून त्याचं तणस बदलायला घेतलं. जुना थर उचलला तर खाली लोकर. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी यांच्यासाठी विणलेलं मेंदी रंगाचं स्वेटर! बसमध्ये राहिलं म्हणून सांगितलं होतं मला, आणि मी वेडी, यांचीच समजूत घालत बसले होते. म्हणजे माझ्या हातची ऊबसुद्धा यानंच नेली. रागानं ओढून बाहेर काढलं. फेकून देणार होते, पण यांचे सगळे कपडे रीतीप्रमाणे देऊन झाले होते. यांच्या अंगाला लागलेलं घरात एवढंच उरलं होतं. नाकाशी धरलं. कुत्र्याचा वास आला... आणि त्याच्याखाली, अगदी थोडा, यांचा.

भुऱ्या आला आणि त्यानं एक बाही दातात धरली. ओढली नाही, नुसती धरून राहिला. मीही सोडली नाही. घाटावर आलं नव्हतं एवढं रडू तिथं, शेणाच्या वासात आलं. मग नवं तणस पसरलं, त्यावर स्वेटर घातलं. तो लगेच जाऊन अगदी मधोमध बसला. यांनीच तसं लाडावून ठेवलेलं.

"सरक ना बापा थोडा," मी म्हटलं. "मलेही थंडी वाजून राहिली."