दौंडच्या हॉलमधली टाळी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. निमोणे गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. मी तोंडावर बोलते, खोटं बोलत नाही, हेही गावाला माहीत होतं.

धाकटा भाऊ मात्र बारावीला बसलाच नाही. तो बँजो पार्टीत वाजवायचा. वराती, जत्रा, गणपती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून. ऑफिसात मी त्याचा विषय काढत नसे.

त्याचा देव म्हणजे दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला एक गिटारवाला. बाप इंजिन ड्रायव्हर. पोरगा परदेशात गेला आणि रॉकमध्ये त्यानं जगभर नाव काढलं. भावाला त्याचं घर, त्याचं चर्च, त्यानं पहिल्यांदा लोकांपुढे जिथं वाजवलं तो रेल्वेचा जुना हॉल, सगळं मोबाईलवर बघून पाठ होतं.

उन्हाळ्यात भावाचा डावा कान गेला. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवाही उतरतोय, स्पीकरपुढे बसणं आजच बंद करा. त्याला पटेना. मग त्यानंच तोड काढली. त्या हॉलमध्ये टाळी वाजवली की आवाज घुमून दोनदा परत येतो, असं त्यानं कुठल्या व्हिडिओत ऐकलं होतं.

"ताये, तिथं टाळी वाजवतो. परत आलेला आवाज ऐकू आला तर माझा कान शाबूत हाय. न्हाई आला तर बँजो माळ्यावर टाकतो. तुझी शपथ."

श्रावणातल्या एका रविवारी माझ्या स्कूटीवरून दौंडला गेलो. गिटारवाल्याच्या घराच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या, दारं-खिडक्या कुणी काढून नेलेल्या, आत वेडी बाभूळ. भावानं तरी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, प्लॉट बघायला आलात का? त्याला ऐकू आलं नाही; तो तिच्याकडे बघून नुसता हसला. चर्चला कुलूप होतं. फाटकापुढे केस सारखे करून त्यानं माझ्याकडून फोटो काढून घेतला.

हॉलच्या राखणदार मामांनी तंबाखू मळत किल्ली शोधली. असा एखादा खुळा अधूनमधून येतोच, म्हणाले, आणि दार उघडून बाहेर फोनवर बोलत उभे राहिले. आत मोडक्या खुर्च्यांची रास आणि कबुतरांची घाण. स्टेजच्या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या. भाऊ चप्पल काढून वर चढला आणि त्यानं टाळी वाजवली.

आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन आला. मग छतावरून आला. स्वच्छ. कबुतरं उडाली.

तो उजवा कान पुढे करून उभा होता. पुन्हा टाळी. पुन्हा एक. मग माझ्याकडे वळला.

"आला का गं?"

त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"न्हाई," मी मोठ्यानं म्हणाले. "मलाबी न्हाई आला. हॉलच खराब झालाय."

"तरीच म्हणलं," तो म्हणाला.

येताना भीमेच्या पुलापासून घरापर्यंत तो माझ्या पाठीवर बोटांनी कसलीतरी चाल वाजवत होता.

दोन दिवसांनी समजावू, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात गणपतीच्या सुपाऱ्या सुरू झाल्या. तो एकूणएक वाजवायला गेला. त्याला थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं झालं नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याला चहाला हाका मारत होती. तो दारात पाठमोरा बसून होता. शेवटी तिनं खांद्याला हात लावला.

आता त्याच्याशी मी वहीत लिहून बोलते. बँजो माळ्यावर आहे. मागच्या महिन्यात तो कोरा कागद घेऊन माझ्यापुढे बसला.

"ताये, तू शिकलेली हायस. रेल्वेला अर्ज लिही. हॉल नीट करा म्हणावं. एवढ्या मोठ्या माणसाची जागा हाय ती."

मी लिहिला. विषय: हॉलच्या दुरुस्तीबाबत. त्यानं ओळीवर बोट ठेवत वाचला आणि खाली सही केली.

अर्ज माझ्या पर्समध्येच आहे. तो रोज विचारतो, उत्तर आलं का गं. मी वहीत लिहिते, नाही.